आधी बिघडलेले फोटो मोजा, मग मिररलेसचं बघू

पत्र: "माझ्याकडे कॅनन २००डी आहे. सोबत १८-५५, ५५-२५० आणि ५० एफ १.८ अशा तीन लेन्स. भाचीच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमांचे फोटो मीच काढते. हिवाळ्यात रविवारी कवडी पाटला पक्ष्यांसाठी जाते आणि गणपतीत ढोलपथकांचे फोटो काढते. नाट्यगृहातले फोटो दाणेदार येतात, उडते पक्षी धूसर येतात आणि मिरवणुकीत वादकाच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या पुढे नाचणारा ध्वजच स्पष्ट दिसतो. दुकानदार म्हणतो, डीएसएलआर संपले, आत्ताच एक्सचेंजमध्ये द्या आणि आर१० चं किट घेऊन जा, पुढच्या वर्षी हा कॅमेरा कुणी विचारणार नाही. एक लाखाच्या आत बसवायचं आहे. घेऊ का? की सोनीकडे वळू? फुल फ्रेम घ्यावा का?" (एक वाचक, धायरी)

नमस्कार.

दुकानदाराचं अर्धं म्हणणं खरं आहे. डीएसएलआर म्हणजे तुमच्या २००डीसारखा आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे आरसा नसलेला; आर१० हा कॅननचा मिररलेस. २०२० नंतर कॅननने एकही नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही, नव्या लेन्सही मिररलेसच्या आरएफ माउंटसाठीच (माउंट म्हणजे लेन्स बसवण्याची जागा) येतात. पण कॅमेरा म्हणजे दूध नव्हे, उद्या नासेल म्हणून आज खपवायला. तुमचा २००डी पुढच्या वर्षीही आजच्यासारखेच फोटो काढेल. त्यामुळे "डीएसएलआर संपले का" हा प्रश्न सोडून द्या. तुमचे फोटो नेमके कशामुळे बिघडतात, हे आधी शोधू. तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. त्यांची कारणं तीन वेगळी आहेत आणि नव्या बॉडीने त्या तिन्ही सुटणार नाहीत.

एक संध्याकाळ काढा. गेल्या वर्षभरातले बिघडलेले २०० फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून बघा आणि तीन फोल्डरमध्ये टाका. पहिल्या फोल्डरमध्ये हललेले फोटो: कडा एकाच दिशेला ओघळल्यासारख्या दिसतात, किंवा धड स्थिर आणि हातपाय पुसट. दुसऱ्यात फोकस चुकलेले: ज्याचा फोटो काढला ते धूसर, पण चौकटीत दुसरं काहीतरी, मागचा पडदा किंवा पुढचा ध्वज, लख्ख. तिसऱ्यात दाणेदार: फोकस बरोबर, हललेलंही नाही, पण सावलीत वाळू पसरल्यासारखी. फोटो टाकताना प्रत्येकाचा शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) आणि आयएसओ (प्रकाश किती वाढवून घेतला, तो आकडा) बघत जा. शटर १/२५० पेक्षा हळू असेल आणि नर्तकी किंवा पक्षी हलत असेल, तर "फोकस चुकला" असं वाटलं तरी तो पहिल्या फोल्डरचाच माल समजा. बहुतेकांची गफलत इथेच होते. हललेल्या फोटोंचं खापर ऑटोफोकसवर फुटतं आणि त्या रागात नवी बॉडी घरी येते.

दाणेदार फोल्डर हा लेन्सचा प्रश्न आहे. २००डी आणि आर१०, दोन्हींचा सेन्सर (चित्र उमटवणारा भाग) एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान आकाराचा आणि दोन्ही २४.२ मेगापिक्सेलचे. तीच लेन्स, तोच आयएसओ ठेवला तर दाण्यांत फार फरक पडणार नाही. फरक पडतो तो आत येणाऱ्या प्रकाशाने. तुमची ५५-२५० लांबच्या टोकाला एफ ५.६ ला थांबते, तर एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश घेते. म्हणजे आज १/२५० ला आयएसओ ६४०० लागत असेल, तर त्याच स्टेजवर एफ १.८ ला साधारण ६५० पुरेल. शटर दुप्पट वेगाने, १/५०० ला नेलं तरी १२५०-१३०० मध्ये भागतं.

ती लेन्स तुमच्याकडे आहेच! पुढच्या कार्यक्रमाला चौथ्या रांगेत बसा आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सने काढा. स्टेज तिथून आठेक मीटरवर असतं. कॅमेरा उभा धरला की ५० मध्ये साडेतीन मीटर उंची मावते, म्हणजे नर्तकीच्या वर-खाली भरपूर जागा उरते आणि ती नंतर कापावी लागते. ८५ एफ १.८ असेल तर आठ मीटरवरून दोन मीटरच्या आसपास मावतं. पायातल्या घुंगरांपासून डोक्यावरच्या गजऱ्यापर्यंत नर्तकी नेमकी बसते, मात्र हात वर गेले की बोटं कापली जातील. कॅननची जुनी ईएफ ८५ एफ १.८ सेकंडहँड बाजारात मिळते आणि २००डीवर थेट चालते. पूर्ण उघडी ठेवली तर दिव्यांसमोरच्या दागिन्यांच्या कडांना जांभळट रेघ येते. एफ २.२ ला आणली की ती बरीच कमी होते.

नाट्यगृहासाठी सेटिंगही सांगून ठेवतो. मोड मॅन्युअल. अडवू (नृत्याच्या मूळ हालचाली) आणि उड्यांना १/५००, अभिनयाच्या प्रसंगी १/२०० चालतं. मीटरिंग स्पॉट ठेवून चेहऱ्यावर मोजा. मागे काळा पडदा असतो, त्यामुळे ऑटोवर सोडलं की कॅमेऱ्याला सगळंच अंधारं वाटतं आणि चेहरा पांढराफटक होतो. बीप आणि फोकसला मदत करणारा दिवा बंद ठेवा, स्क्रीन उलटी फिरवून मिटून टाका. मागच्या रांगेतल्या आजी दुवा देतील.

आता उडते पक्षी. इथे दोन फोल्डर एकमेकांत मिसळलेले सापडतील. शेकाट्या किंवा घार उडताना शटर १/२००० हवं, नाइलाज झाला तरी १/१६०० पेक्षा हळू नको. ते ठेवूनही पक्षी धूसर येत असतील, तरच तो फोकसचा दोष. २००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) फक्त नऊ फोकस पॉइंट आहेत, तेही मधोमध गोळा झालेले. पक्षी त्यांच्या बाहेर गेला की कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. तरी नवं घेण्याआधी एक उपाय फुकटात करून बघा. मेन्यू डिस्प्ले "गाइडेड"वर असेल तर "स्टँडर्ड" करा, नाहीतर कस्टम फंक्शन दिसणारच नाहीत. मग एएफ मोड एआय सर्व्हो (हलत्या गोष्टीवर सतत फोकस), पॉइंट फक्त मधला, आणि कस्टम फंक्शनमधल्या "शटर/एई लॉक बटण" या ओळीत पर्याय ३ निवडा. आता फोकस अंगठ्याखालच्या चांदणीच्या बटणावर येईल आणि शटरचं बटण फक्त फोटो काढेल. पक्षी येताना दिसला की अंगठा दाबून ठेवायचा, मध्ये फांदी आली की सोडायचा. हाताला वळण लागायला तीन-चार रविवार जातात.

एवढं करूनही दहापैकी सहा-सात वाया जात असतील, तर मात्र मिररलेस खरोखर मदत करतो. आर१० पक्षी ओळखतो, डोळा सापडला तर डोळा धरतो आणि चौकटीच्या जवळजवळ कुठल्याही कोपऱ्यात त्याचा पाठलाग करतो. २००डी सेकंदाला ५ फोटो काढतो, आर१० मेकॅनिकल शटरने १५. पण त्याला दोन मर्यादा आहेत. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) पूर्ण वेगाने काढलं तर दोनेक सेकंदांत बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि ऐन क्षणी कॅमेरा गप्प बसतो, म्हणून थोडे-थोडे फोटो काढायचे. दुसरी जास्त महत्त्वाची: मेगापिक्सेल तेवढेच, लेन्सही २५०च, त्यामुळे जो पक्षी आज चौकटीत मुंगीएवढा दिसतो तो आर१० मध्येही मुंगीएवढाच दिसेल, फार तर मुंगी फोकसमध्ये असेल. भिगवणच्या रोहित पक्ष्यांना होडीतून २५० पुरते, कवडी पाटच्या बंधाऱ्यावरून पलीकडच्या चक्रवाकाला नाही. पक्षी हाच मुख्य छंद असेल तर पुढे आरएफ १००-४०० एफ ५.६-८ ही ६३५ ग्रॅमची लेन्स बघा. ती २००डीला बसत नाही. शिवाय लांबच्या टोकाला ती एफ ८ ची असल्याने पहाटेच्या धुक्यात आयएसओ चढणार, हे धरून चला.

मिरवणुकीतल्या ध्वजाचं कोडं सगळ्यात सोपं आहे. नऊही पॉइंट ऑटोवर असले की कॅमेरा सहसा सगळ्यात जवळची, ठळक कडांची गोष्ट पकडतो. ढोलपथकात ती गोष्ट म्हणजे ध्वज, नाहीतर टिपरू (ढोल वाजवायची काठी) धरलेला हात. एकच पॉइंट निवडला की निम्मा त्रास जातो. पण रात्री, लक्ष्मी रोडवर, ताशाच्या ठेक्यावर सगळे हलत असताना पॉइंट चेहऱ्यावर टिकवणं अवघड असतं, हेही मान्य. इथे चेहरा-डोळा ओळखणारा मिररलेस स्पष्टपणे सरस ठरतो. गर्दीत तो भलताच चेहरा धरतो कधीकधी, तेव्हा स्क्रीनवर हव्या त्या चेहऱ्यावर बोट टेकवायचं. कंपनी सांगते की आर१० उणे ४ ईव्ही (ईव्ही हे प्रकाशाचं माप, उणे जितकं जास्त तितका अंधार) इतक्या अंधारात फोकस करतो. तो आकडा एफ १.२ लेन्सवरचा आहे. तुमच्या ५५-२५० वर तेवढी अपेक्षा धरू नका.

फोकसच्या फोल्डरबद्दल एक शक्यता राहिली. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो आणि चित्र उमटवणारा वेगळा. दोघांत केसभर फरक पडला तर प्रत्येक फोटो थोडा मागे किंवा पुढे जातो. हे घरी तपासता येतं. ट्रायपॉड, ५०ची लेन्स, एफ १.८. दीड मीटरवर वर्तमानपत्र ४५ अंशांत तिरकं लावा आणि एका ओळीवर पेनाने जाड खूण करा. व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो काढा, दर वेळी आधी लेन्स लांबच्या वस्तूवर नेऊन मग खुणेवर आणा. मग लाइव्ह व्ह्यू चालू करून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, तसेच दहा. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस खुद्द चित्राच्या सेन्सरवर होतो, म्हणजे ते दहा फोटो मिररलेससारखेच. तिथले चोख आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे एकाच बाजूला घसरलेले असतील, तर बॉडी-लेन्सचं जुळणं बिघडलंय. २००डीमध्ये ते मेन्यूतून सुधारण्याची सोय नाही, सर्व्हिस सेंटरला द्यावं लागतं. दोन्हीकडचे चोख असतील तर कॅमेरा निर्दोष आहे.

ही चाचणी करताना तुमच्या लक्षात येईल की निम्मा मिररलेस तुमच्याकडे आधीच आहे. अभिनयासारख्या संथ प्रसंगांना लाइव्ह व्ह्यू लावून, चेहरा ओळखण्याची सोय चालू करून बघा.

आता फोल्डर मोजून झाल्यावर. दाणेदार आणि हललेले मिळून निम्म्याहून जास्त असतील तर ८५ची लेन्स घ्या आणि बाकीचे पैसे बँकेत राहू द्या. शटर पुरेसं असूनही फोकस चुकलेले निम्म्याहून जास्त असतील तर बॉडी बदला, आर१० ही निवड योग्य आहे. फक्त किट नको.

किट नको, कारण सोबत मिळणारी १८-४५ लांबच्या टोकाला एफ ६.३ ची आहे. तुमची १८-५५ त्याहून लांब जाते आणि तरी एफ ५.६ ला थांबते. म्हणजे पैसे देऊन जास्त अंधारी लेन्स घरी आणायची. त्याऐवजी नुसती बॉडी आणि कॅननचा ईएफ-ईओएस आर अडॅप्टर यांचं कोटेशन मागा. अडॅप्टरमध्ये काच नसते. जुन्या माउंटमध्ये लेन्सपासून सेन्सरचं अंतर ४४ मिलिमीटर, नव्यात २०, मधले २४ मिलिमीटर तो भरून काढतो आणि वीज-संदेश पुढे पोचवतो. तुमच्या तिन्ही लेन्स ऑटोफोकससह चालतील, १८-५५ आणि ५५-२५० मधलं स्टॅबिलायझेशनही (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवण्याची सोय). आर१० च्या बॉडीत मात्र स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून ५० आणि ८५ ला हात स्थिर ठेवणं तुमच्याच हाती.

"मिररलेस हलका असतो" हे ऐकलं असेलच. बॅटरी-कार्डासह २००डी ४५३ ग्रॅम, आर१० ४२९ ग्रॅम. फरक चोवीस ग्रॅमचा, आणि अडॅप्टर ११० ग्रॅमचा. बाकी तुम्हीच बघा. बॅटरी दोन्हींना एकच, एलपी-ई१७. २००डी तिच्यावर कंपनीच्या मोजणीनुसार ६५० फोटो देतो. आर१० मध्ये व्ह्यूफाइंडर म्हणजे छोटा स्क्रीनच असल्यामुळे त्यातून बघत काढलं तर निम्मेही धरू नका. तुमची जुनी बॅटरी चालेल, पण विसर्जनाला तीन तरी लागतील.

आणखी एक छुपा खर्च. २००डीच्या रॉ फाइल सीआर२ प्रकारच्या, आर१० च्या सीआर३. जुनं, एकदाच विकत घेतलेलं लाइटरूम ६ सीआर३ उघडत नाही. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट आहे आणि ते उघडतं, पण जुन्या लॅपटॉपवर रांगतं. एका रविवारी १५०० फोटो निघाले तर चाळीसेक जीबी जागा गेली समजा. सी-रॉ (दाबून लहान केलेली रॉ फाइल) निवडलं तर पुष्कळ वाचते.

नाट्यगृहात लोक मिररलेसच्या मौनावर भाळतात. इलेक्ट्रॉनिक शटर खरंच आवाज करत नाही, पण आर१० चा सेन्सर एका दमात वाचला जात नाही, ओळीओळीने वाचला जातो. एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात आणि वेगाने फिरलेला हात वाकडा दिसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. तिथे मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर चालू ठेवणंच बरं. आवाज होतोच, तबल्याच्या आवर्तनात काढा.

घेण्याआधी शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ आर१० आणि अडॅप्टर भाड्याने आणा. पुण्यात हे सहज मिळतं, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. नेताना दुकानातच बॉडीचा व्हिडिओ काढून ठेवा. शनिवारी नृत्याची तालीम, रविवारी सकाळी कवडी पाट. लेन्स तुमच्याच वापरा आणि तोच प्रसंग दोन्ही कॅमेऱ्यांनी शंभर-शंभर वेळा काढून चोख किती आले ते मोजा. तीस विरुद्ध सत्तर आले तर घ्या. पन्नास विरुद्ध साठ असतील तर थांबा.

सेकंडहँड आर१० मिळाला तर बिल, खोका आणि बॉडी यांवरचा सीरियल नंबर जुळतो का ते बघा. भारतातल्या वॉरंटीचं बिल नसेल तर किंमत कितीही गोड असली तरी सोडा. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ ला, आयएसओ १०० वर, मुद्दाम फोकस बिघडवून फोटो काढा: काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. बॉडीची किंवा लेन्सची टोपी लावून आयएसओ १६०० ला दहा सेकंदांचा काढा: रंगीत ठिपके भरपूर असतील तर नको. ८५च्या लेन्समधून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती सहज धरते. म्हणूनच लेन्स कापडी बॅगेत कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत.

सोनीचं उत्तर छोटं आहे: कॅमेरे उत्तम, पण तुमच्या तिन्ही लेन्स बाद होतील आणि लाख रुपयांत सगळं पहिल्यापासून जमणार नाही. फुल फ्रेमचंही तसंच. १८-५५ आणि ५५-२५० लावल्या तर कॅमेरा चित्राचा मधलाच भाग वापरतो, मग मोठ्या सेन्सरचे पैसे कशाला मोजायचे? दुकानदार स्वस्तातला आर५० दाखवेल. त्याला एकच डायल आहे, त्यामुळे मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अॅपर्चर बदलताना बोटांची कसरत होते. जुना कॅनन फ्लॅश वापरायचा तर वेगळा अडॅप्टरही लागतो. तुमच्या कामाला तो नको.

आणि एक्सचेंज करू नका. बॅटरी एकच, लेन्स त्याच, म्हणून २००डी दुसरी बॉडी म्हणून फार कामाचा आहे. मिरवणुकीत तर हवाच: एकावर १८-५५, दुसऱ्यावर ५०, आणि रस्त्यावर लेन्स बदलायचीच नाही. गुरुजी तालमीच्या मिरवणुकीतला गुलाल बघितला असेलच. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर थेट समोर उघडा पडतो, आणि या दोन्ही बॉडींना पाणी-धुळीपासून म्हणावं असं संरक्षण नाही. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर, बॉडीवर पावसाळी कव्हर. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, ओलं फडकं सगळ्यात शेवटी, नाहीतर गुलालाचा चिखल डायलच्या फटींत जाऊन बसतो. यंदा गणपतीआधी घ्यायचं ठरलं तर किमान तीन आठवडे आधी घ्या आणि नदीपात्रातल्या पथकांच्या सरावाला चार-पाच संध्याकाळी त्याच्याबरोबर काढा.